ॲब्लेशननंतर मुलांच्या हृदयाची लय: काय बिघडते, किती आणि का

मुलांमध्ये हृदयाच्या लयीचे जे आजार त्रास देतात, त्यांत सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया). धडधड अचानक सुरू होते आणि अचानकच थांबते. तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला २२० च्या पुढे, कधी ३०० च्या घरात जातात. शाळकरी मूल ‘छातीत पळतंय’ म्हणत खेळातून बाहेर येते, त्याला दरदरून घाम फुटतो, पोटात कसंतरी होतं. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे ठीक झालेले असते, त्यामुळे ईसीजीत काही सापडत नाही. या आजारावर गेल्या तीन दशकांत कॅथेटर ॲब्लेशनने फार मोठा फरक पाडला. वर्षानुवर्षे गोळ्या घेणारी मुले एका प्रक्रियेनंतर औषधाविना वाढू लागली.

तरीही ॲब्लेशन म्हणजे हृदयाला जाणूनबुजून केलेली छोटीशी इजा, हे विसरून चालत नाही. मांडीतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, नको असलेली विद्युत वाट शोधायची आणि ती जाळायची किंवा गोठवायची. हवी असलेली वाट कधी कधी तिच्यापासून अवघ्या काही मिलिमीटरवर असते. म्हणून लय सुधारण्यासाठी केलेल्या उपचारानंतर लयीचीच तक्रार उभी राहू शकते. या तक्रारी तीन प्रकारच्या असतात. काही आपोआप जातात, काही पुन्हा उपचार करून जातात आणि एक आयुष्यभर राहते. मुलांच्या ॲब्लेशनचा हिशेब मांडताना हा भेद सर्वांत आधी करायला हवा. परत आलेली धडधड पुन्हा बरी करता येते. कायमचा झालेला हार्ट ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेश अडणे, परत फिरवता येत नाही. यशाच्या टक्केवारीच्या भरात हा फरक मागे पडू नये, हे या आढाव्याचे मुख्य म्हणणे आहे.

इथवरचा प्रवास

१९३० मध्ये लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल डडली व्हाइट यांनी धडधडीचे झटके येणाऱ्या, पण एरवी निरोगी असलेल्या अकरा तरुण रुग्णांच्या ईसीजीतली एक खूण नोंदवली. आज तिला तिघांच्या नावांवरून डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मतःच एक जास्तीची वाट राहून गेलेली असते. एव्ही नोड या नेहमीच्या वाटेला वळसा घालून विद्युत लहर तिच्यातून खाली उतरते किंवा वर परत येते आणि चक्र सुरू होते. १९६८ मध्ये अशी वाट पहिल्यांदा शस्त्रक्रियेने तोडली गेली. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन आणि सहकाऱ्यांनी छाती न उघडता, नळीतून विजेचा धक्का देऊन केलेले ॲब्लेशन प्रसिद्ध केले. हा धक्का बेभरवशाचा होता. पुढे रेडिओफ्रीक्वेन्सी ऊर्जा आली. तिच्या उष्णतेने नळीच्या टोकाजवळचा मोजका भाग भाजतो, आणि १९९१ पासून तिचा वापर झपाट्याने वाढला.

बालहृदयरोगतज्ज्ञांनी एक शहाणपण सुरुवातीलाच दाखवले. अमेरिकेत १९९१ पासूनच मुलांच्या ॲब्लेशनची सामायिक नोंदवही ठेवली गेली. १९९४ मध्ये तिच्यातून २४ केंद्रांवरच्या ६५२ मुलांचा अनुभव प्रसिद्ध झाला. मूल जितके लहान आणि केंद्राचा अनुभव जितका कमी, तितकी गुंतागुंत जास्त, ही गोष्ट त्याच वेळी पुढे आली. नंतर १९९१ ते ९५ आणि १९९६ ते ९९ या दोन कालखंडांची तुलना झाली. यश ९०.४ टक्क्यांवरून ९५.२ टक्क्यांवर गेले होते आणि गुंतागुंतीचे प्रमाण ४.२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले होते. हात बसला, साधने सुधारली, आणि कोणाला ॲब्लेशन करू नये हेही लोक शिकले.

सर्वांत मोठी भीती: एव्ही ब्लॉक

वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश निरोगी हृदयात एकाच दारातून जातो. ते दार म्हणजे एव्ही नोड; ते अडले की होणारा हार्ट ब्लॉक म्हणजेच एव्ही ब्लॉक. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने जर्मनीत काम करताना १९०६ मध्ये त्याची रचना उलगडून दाखवली. उजव्या वरच्या कप्प्याच्या तळाशी कॉखचा त्रिकोण नावाची छोटी जागा आहे; तिच्या टोकाशी हा नोड असतो. प्रौढात या त्रिकोणाची उंची साधारण दीड-पावणेदोन सेंटिमीटर भरते. लहान मुलात ती त्याहून बरीच कमी असते. नेहमीच्या ॲब्लेशन कॅथेटरचे टोक मात्र ४ मिलिमीटरचे. मूल लहान म्हणून भाजणारा डाग त्याच प्रमाणात लहान होत नाही. मुलांमधल्या एव्ही ब्लॉकचा प्रश्न समजून घ्यायला ही दोन मापे शेजारी ठेवली तरी पुरे.

धोका सगळीकडे सारखा नसतो. डाव्या बाजूच्या भिंतीवरची वाट नोडपासून दूर असते, तिथे ब्लॉकची भीती नगण्य. पण हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्यातल्या वाटा आणि नोडच्या आतच फिरणारी एव्हीएनआरटी नावाची धडधड, या दोन्हींवरचे काम अगदी दाराशी करावे लागते. अमेरिकी नोंदवहीतल्या आकड्यांनुसार रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनमध्ये नकळत झालेला दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीचा (काही किंवा सगळेच संदेश अडवणारा) ब्लॉक एकूण १.२ टक्के होता. पडद्याच्या अगदी मध्यावर असलेल्या वाटांसाठी मात्र तोच आकडा १०.४ टक्के निघाला. म्हणजे शंभरात एक हा धोका जागेनुसार दहात एक होऊ शकतो. हे आकडे १९९० च्या दशकातले, म्हणजे क्रायोॲब्लेशन या गोठवण्याच्या पद्धतीच्या आधीचे आहेत. आज धोका कमी झाला आहे. पण जागेजागेतला फरक तसाच आहे. ‘धोका एक टक्का’ हे उत्तर पालकांना पुरेसे नाही, कारण त्यांच्या मुलाची वाट नेमकी कुठे आहे हे त्यात येत नाही.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. एव्हीएनआरटीत डॉक्टर नळीचे टोक त्रिकोणाच्या खालच्या भागात टेकवतात आणि ऊर्जा सुरू करतात. काही सेकंदांत मॉनिटरवर जंक्शनल, म्हणजे नोडच्या परिसरातून उठणारे, ठोके दिसू लागतात. ते संथ असतील आणि प्रत्येक ठोक्याची लहर वरच्या कप्प्यांपर्यंत परत पोचत असेल, तर जागा बरोबर आहे. ठोके एकदम वेगवान झाले, एका ठोक्याची लहर वर पोचली नाही, किंवा ईसीजीतली वरच्या कप्प्यांची पी लहर आणि खालच्या कप्प्यांची क्यूआरएस यांच्यातले अंतर वाढताना दिसले, की त्याच क्षणी ऊर्जा बंद करावी लागते. मॉनिटरवरचा तज्ज्ञ ‘ऑफ’ म्हणतो तेव्हा वाद घालायला वेळ नसतो. दोन-तीन सेकंदांची दिरंगाई आणि कायमचा ब्लॉक यांच्यात फारसे अंतर नसते.

ऊर्जा वेळेत थांबली तर बहुतेक ब्लॉक काही मिनिटांत किंवा काही दिवसांत उतरतात, कारण डागाभोवतीची सूज ओसरते. म्हणून ब्लॉक दिसला की लगेच कायमचा पेसमेकर बसवण्याची घाई करत नाहीत; आधी तात्पुरत्या पेसिंगवर वाट पाहतात. उलटेही क्वचित घडते. प्रक्रियेच्या वेळी तात्पुरता ब्लॉक होऊन गेला, सगळे सुरळीत झाले, आणि काही दिवसांनी किंवा बऱ्याच काळाने तो पुन्हा उद्भवला, अशी उदाहरणे नोंदली गेली आहेत. ज्या मुलात प्रक्रियेदरम्यान क्षणभरही ब्लॉक दिसला, त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर ठळक व्हायला हवी आणि त्याला पुढे जास्त काळ नजरेखाली ठेवायला हवे.

कायमच्या ब्लॉकनंतर पेसमेकर बसला की मूल शाळेत जाते, खेळते, चांगले जगते. पण त्याची किंमत मोठी असते. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांनी बदलावी लागते. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अशा अनेक शस्त्रक्रिया येतात. मूल उंच होते तशी तार ताणली जाते, कधी तुटते, कधी जंतुसंसर्ग होतो. उजव्या खालच्या कप्प्यातून सतत पेसिंग केल्याने काही मुलांच्या हृदयाची आकुंचनशक्ती काही वर्षांनी कमी होते. मूळ एसव्हीटी, तिचा कितीही वैताग असला तरी, निरोगी हृदयाच्या मुलाच्या जिवावर क्वचितच उठते. एका त्रासदायक पण बहुधा सौम्य आजाराच्या बदल्यात आयुष्यभराचे यंत्र देणे हा सौदा कोणत्याही पालकाने आणि डॉक्टराने सहज करू नये.

उष्णता की थंडी

याच भीतीतून क्रायोॲब्लेशन मुलांमध्ये रुजले. नळीचे टोक थंड करत उणे ३० अंशांच्या आसपास आणले की ऊतक काही काळ गप्प होते, मरत नाही. या वेळी नोडचा मार्ग मंदावताना दिसला तर थंडी थांबवायची, ऊतक गरम होते आणि सारे पूर्ववत होते. सगळे सुरक्षित वाटले तरच उणे ७० ते ८० अंशांपर्यंत जाऊन सुमारे चार मिनिटे गोठवायचे. शिवाय गोठलेले टोक ऊतकाला चिकटून राहते, म्हणून श्वासाबरोबर किंवा ठोक्याबरोबर ते नोडवर घसरत नाही. मुलांमधल्या क्रायोच्या अनुभवात कायमचा एव्ही ब्लॉक अत्यंत दुर्मीळ राहिला, आणि हे या पद्धतीचे सर्वांत मोठे श्रेय.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. थंडीने केलेला डाग लहान आणि उथळ असतो, म्हणून धडधड परत येण्याचे प्रमाण रेडिओफ्रीक्वेन्सीपेक्षा जास्त राहते. मोठ्या टोकाच्या नळ्या, पुन्हा पुन्हा गोठवणे आणि जास्तीचे डाग देणे यांनी हे अंतर कमी झाले, पूर्ण मिटले नाही. नोडच्या जवळची जागा असेल तर हे ओझे उचलण्याजोगे आहे, असे मला वाटते. धडधड परत आली तर आणखी एक दिवस कॅथलॅबमध्ये जाईल. दार कायमचे बंद झाले तर आयुष्य बदलेल. नोडपासून दूर असलेल्या, विशेषतः डाव्या बाजूच्या वाटांसाठी मात्र उष्णताच बहुतेकांची पहिली पसंती असते, आणि ती रास्तच आहे.

धडधड परत येते तेव्हा

यशस्वी ठरलेल्या प्रक्रियेनंतर आजार परत येणे ही सर्वांत जास्त आढळणारी लयीची तक्रार. अमेरिकेतल्या एका बहुकेंद्री अभ्यासात १६ वर्षांपर्यंतच्या ४८१ मुलांचा पाठपुरावा आधी ठरवलेल्या वेळापत्रकाने केला गेला. प्रक्रियेच्या वेळचे यश ९५.७ टक्के होते. दोन महिन्यांनी ७ टक्के, सहा महिन्यांनी ९.२ टक्के आणि वर्षाअखेर १०.७ टक्के मुलांमध्ये आजार परतला. जागेनुसार चित्र पुन्हा बदलते: एव्हीएनआरटीत ४.८ टक्के, डाव्या भिंतीवरच्या वाटांत ९.३ टक्के, उजव्या भिंतीवर १५.८ टक्के, तर उजव्या बाजूच्या पडद्यातल्या वाटांत २४.६ टक्के.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. उजव्या बाजूला नळी स्थिर बसत नाही. पडद्यात नोड जवळ असल्याने हात आखडता घ्यावा लागतो. कधी नळीचा नुसता धक्का लागूनच वाट तात्पुरती बंद पडते; ती दिसेनाशी झाली म्हणून काम संपल्याचा भास होतो आणि काही तासांनी ती पुन्हा जागी होते. म्हणून ॲब्लेशननंतर अर्धा तास थांबणे, आयसोप्रेनालिन हे ठोके वाढवणारे औषध देऊन धडधड पुन्हा सुरू होते का पाहणे, नोड क्षणभर अडवणारे अडेनोसिन देऊन वाट खरोखर बंद झाली का तपासणे, या गोष्टींना महत्त्व आहे. परत आलेल्या आजारासाठी दुसरी प्रक्रिया बहुधा यशस्वी होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितले, तर पालक पुढे हताश होत नाहीत.

घाबरवणाऱ्या, पण बहुधा निरुपद्रवी गोष्टी

प्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत अनेक मुले धडधडीची तक्रार करतात. बहुतेक वेळा ते मध्येच पडणारे सुटे जास्तीचे ठोके असतात. डागाच्या कडेला काही दिवस चिडचिड असते, ती ओसरते. काही मुलांत साधी लयच नेहमीपेक्षा जलद राहते. पडद्याच्या मागच्या भागात काम झाले असेल तर तिथल्या मज्जातंतूंच्या तंतूंवर परिणाम होऊन सायनस नोडवरचा, म्हणजे हृदयाचे नैसर्गिक ठोके देणाऱ्या केंद्रावरचा, लगाम सैल पडतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुन्हा आवळला जातो. आणि ज्या मुलाने वर्षानुवर्षे धडधडीची धास्ती घेतली आहे, त्याचे लक्ष प्रत्येक ठोक्यावर जाणे स्वाभाविकच आहे. अशा वेळी लक्षणावरून अंदाज बांधण्यापेक्षा त्या क्षणाचा ईसीजी मिळवणे हाच मार्ग. होल्टर, इव्हेंट रेकॉर्डर किंवा घरी वापरायचे एका लीडचे ईसीजी यंत्र इथे कामी येते.

डब्ल्यूपीडब्ल्यूची वाट बंद केल्यावर ईसीजीत टी लहरी उलट्या दिसतात. गावातल्या दवाखान्यात असा ईसीजी निघाला की ‘हृदयाला रक्त कमी पडतंय’ असे सांगितले जाण्याची भीती असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे वेगळ्या वाटेने सक्रिय होणाऱ्या स्नायूला नव्या क्रमाची सवय होईपर्यंतचा हा काळ असतो. अर्जेंटिनाच्या मॉरिसियो रोझेनबाउम यांनी १९८२ मध्ये याचा सविस्तर विचार मांडला. आठवड्यांत-महिन्यांत टी लहरी पूर्ववत होतात. छातीत दुखत असेल किंवा एसटी भागात बदल असतील, तर मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीला इजा झाली आहे का हे पाहायलाच हवे. मुलांत ही वाहिनी डागाच्या जागेपासून फार दूर नसते. नळीच्या धक्क्याने उजव्या बंडलचा (उजव्या खालच्या कप्प्याकडे जाणाऱ्या विद्युत फांदीचा) ब्लॉक होणेही दिसते; तो बहुधा त्याच दिवशी जातो.

लहानगे आणि जन्मजात दोष असलेली हृदये

१५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा विचार वेगळा करावा लागतो. १९९० च्या दशकात जे. फिलिप सॉल आणि सहकाऱ्यांनी कोकरांवर प्रयोग केले. तान्ह्या कोकरांच्या हृदयात केलेला डाग पुढच्या महिन्यांत हृदयाबरोबर मोठा होत गेला. प्रौढ ऊतकात असे होत नाही. त्यात दिलासा असा की तान्ह्यांमधली एसव्हीटी बहुतेकदा पहिल्या वर्षात औषधांनी आवरते आणि अनेकदा स्वतःच शांत होते. म्हणून या वयात औषध आणि धीर हाच राजमार्ग. सतत चाललेल्या धडधडीने हृदयाचे स्नायू थकू लागले आणि औषधे पुरी पडेनाशी झाली, तरच ॲब्लेशनचा विचार होतो. अशा वेळी ते जीव वाचवते. लय आवरली की स्नायू काही महिन्यांत बळ धरतात. २०१६ मध्ये बालहृदय-विद्युततज्ज्ञांच्या संघटनेने हृदयलय संस्थेबरोबर काढलेल्या एकमत-निवेदनातही १५ किलोची ही रेषा जपली आहे. लक्षणे नसलेल्या डब्ल्यूपीडब्ल्यूबद्दल २०१२ मध्ये त्यांनी ८ ते २१ वयोगटासाठी क्रम आखून दिला: आधी व्यायाम चाचणी, वाट धोक्याची वाटली तर विद्युत तपासणी, आणि मगच ॲब्लेशनचा निर्णय.

उजव्या बाजूची झडप खाली सरकलेल्या एब्स्टाइन या जन्मजात दोषात उजव्या बाजूला अनेक वाटा असू शकतात, म्हणून यश कमी आणि पुनरावृत्ती जास्त. काही जन्मजात रचनांमध्ये एव्ही नोड नेहमीच्या जागी नसतोच, कधी दोन नोड असतात; कॉखच्या त्रिकोणावर भरवसा ठेवून काम केले तर भलतीच वाट जळते. अशा मुलांचे ॲब्लेशन दोषाची रचना जाणणाऱ्या केंद्रातच व्हावे. मृत्यू हा परिणामही इथे नमूद करायला हवा: निरोगी रचनेच्या हृदयात तो हजारात एकाच्या आसपास नोंदला गेला, जन्मजात दोष असलेल्यांत त्याहून जास्त.

पालकांनी विचारायचे प्रश्न

खास मुलांच्या लयीवर काम करणारी केंद्रे आपल्याकडे मोजक्या मोठ्या शहरांत आहेत. नांदेड किंवा सिंधुदुर्गातून पुण्या-मुंबईला मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबाला पाठपुराव्याची प्रत्येक फेरी जड जाते, हे डॉक्टरांनी गृहीत धरून योजना आखायला हवी. पहिल्या रात्री मॉनिटर, घरी जाण्याआधी ईसीजी, एक ते तीन महिन्यांनी भेट, वर्षाने पुन्हा भेट, आणि मधल्या ईसीजी तपासण्या गावाजवळच करून त्यांचे फोटो पाठवण्याची सोय, एवढे तर सहज होऊ शकते. ब्लॉक होऊन गेलेल्या किंवा नोडजवळ काम झालेल्या मुलांना वर्षानंतरही सोडू नये.

पालकांनी चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. मुलाची वाट नोडपासून किती जवळ असण्याची शक्यता आहे? उष्णता वापरणार की थंडी? या केंद्रात मुलांच्या अशा प्रक्रिया नियमित होतात का? आणि धोका फार वाटला तर तुम्ही अर्धवट थांबाल का? शेवटच्या प्रश्नाचे ‘हो, थांबू’ हे उत्तर ऐकले की पालकांनी नाराज होण्याचे कारण नाही. नोडच्या दारातून माघार घेणारा डॉक्टर अपयशी ठरत नाही. मूल मोठे झाल्यावर, त्रिकोण वाढल्यावर, तीच वाट जास्त सुरक्षितपणे बंद करता येते.

ॲब्लेशनच्या यशाचा आकडा आज ९५ टक्क्यांच्या वर आहे आणि तो खरा आहे. पण तो प्रक्रियेच्या वेळचा आकडा आहे, आणि ज्या मुलाला तो लागू केला जातो त्याच्यापुढे साठ-सत्तर वर्षे असतात. म्हणून प्रत्येक केंद्राने आपल्या मुलांची नोंद दशके ठेवली पाहिजे, ब्लॉकचे आणि पुनरावृत्तीचे आकडे वेगवेगळे आणि जागेनुसार सांगितले पाहिजेत, आणि ते पालकांना समजतील अशा भाषेत कागदावर दिले पाहिजेत. १९९१ च्या सुमारास ही पद्धत मुलांपर्यंत आली तेव्हा तिच्या पहिल्या तज्ज्ञांनी नोंदवही उघडून ही जबाबदारी घेतली होती. पुढचे काम ती जबाबदारी मुलाच्या वयाइतकी लांबवण्याचे आहे.